हिंदी सिनेमा असा का झाला? सुरुवात तिकिटाच्या हिशोबापासून

हिंदी सिनेमावर जीव असलेल्या कुणाशीही बोला, थोड्याच वेळात बोलणं एका गोष्टीवर येऊन थांबतं: हल्ली थिएटरमध्ये जाऊन बघावं असं काही लागतच नाही. कारणंही ठरलेली असतात. स्टारांच्या मुलांची सोय लावली जाते, चांगले लेखक उरले नाहीत, मोबाइलमुळे लोकांना धीर राहिला नाही, दक्षिणेकडचे पुढे निघून गेले. या प्रत्येकात थोडंफार तथ्य आहे. पण बरीच वर्षं हिंदी सिनेमा प्रेमाने बघत आल्यावर माझं मत असं झालंय की दुखण्याचं मूळ पैशाच्या वाटणीत आहे. सिनेमा कुणाला, कितीला आणि किती दिवसांत विकायचा याचं गणित गेल्या पंचवीस-तीस वर्षांत इतकं बदललं, की नीट लिहिलेल्या, मधल्या आकाराच्या सिनेमाला त्यात जागा उरली नाही. हे गणित फार अवघड नाही. फक्त ते आपल्याला कुणी उलगडून सांगत नाही.

समजा, शनिवारी संध्याकाळी तुम्ही मल्टिप्लेक्सचं ३०० रुपयांचं तिकीट काढलं. ऑनलाइन बुकिंगचा आकार वेगळा, तो इथे धरत नाही. १०० रुपयांवरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे त्यातले साधारण ४६ रुपये कराचे. उरले २५४. धंद्यात याला 'नेट' म्हणतात, आणि 'अमुक सिनेमा १०० कोटींच्या क्लबात' अशी बातमी येते तेव्हा बहुतेक वेळा हाच आकडा मोजलेला असतो. पण हे २५४ रुपये निर्मात्याच्या खिशात जात नाहीत. ते थिएटर आणि वितरक, म्हणजे निर्मात्याकडून सिनेमा घेऊन थिएटरांत लावणारा, यांच्यात वाटले जातात.

ही वाटणी कशी करायची यावरून २००९ मध्ये मोठं भांडण झालं. निर्माते एकीकडे आणि मल्टिप्लेक्सवाले दुसरीकडे अडून बसले. एप्रिलपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत, जवळजवळ दोन महिने, मल्टिप्लेक्समध्ये नवे मोठे हिंदी सिनेमे लागलेच नाहीत. शेवटी तडजोड झाली ती अशी: पहिल्या आठवड्यात वितरकाला ५० टक्के, दुसऱ्या आठवड्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस, आणि चौथ्यापासून पुढे ३०. आजही वाटणीची चाल साधारण हीच आहे.

आता तुमच्या तिकिटाला हे लावून बघा. पहिल्या आठवड्यात गेलात तर वितरकाच्या बाजूला १२७ रुपये जातात. तोच सिनेमा चौथ्या आठवड्यात बघितलात तर ७६. यातून वितरकाचं कमिशन आणि जाहिरातीचा खर्च वजा झाला की जे राहील ते निर्मात्याचं. १०० कोटी 'कमावलेल्या' सिनेमाच्या निर्मात्याकडे पंचेचाळीस कोटींच्या आसपास आले तरी खूप. त्या सिनेमाचा खर्च ८० कोटी असेल, तर बातमीत तो यशस्वी असतो आणि तिकीटबारीच्या हिशोबात तोट्यात. बाकीची भर टीव्ही, ओटीटी आणि संगीताच्या हक्कांतून काढायची असते.

थिएटरची बाजूही समजून घ्यायला हवी. चौथ्या आठवड्यात त्याचा वाटा ७० टक्के होतो, तर सिनेमा टिकवून धरण्यात त्याचा फायदा नाही का? कागदावर आहे. पण दर शुक्रवारी नवा सिनेमा येतो, आणि मल्टिप्लेक्सच्या उत्पन्नात तिकिटांच्या खालोखाल मोठा भाग पॉपकॉर्न-समोशांचा असतो, ज्यातला एक रुपयाही निर्मात्याला द्यावा लागत नाही. रिकाम्या खुर्च्या पॉपकॉर्न खात नाहीत. त्यामुळे सोमवारी गर्दी ओसरली की लगेच शो कापायला सुरुवात होते. आधी संध्याकाळचा जातो, मग दुपारचा, आणि शेवटी उरतो सकाळी पावणेदहाचा किंवा रात्री उशिराचा एखादा शो, तोही शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मॉलमध्ये. मराठी प्रेक्षकाला हे वेगळं सांगायला नको. मल्टिप्लेक्समध्ये मराठी सिनेमाला प्राइम टाइमचा एक शो मिळावा म्हणून २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारला नियम आणावा लागला होता.

माझ्या दृष्टीने सगळ्याचा गाभा इथे आहे. कमाई पहिल्या तीन दिवसांत करायची, तर लोकांनी सिनेमा बघायच्या आधीच तिकीट काढलं पाहिजे. आणि सिनेमा कुणीच बघितलेला नसताना गर्दी कशाने जमते? ओळखीच्या चेहऱ्याने. ओळखीच्या नावाने, म्हणजे आधीच्या हिट सिनेमाचा दुसरा-तिसरा भाग. दुसऱ्या भाषेत चाललेल्या गोष्टीने. सुट्टीच्या तारखेने आणि ट्रेलरमधल्या स्फोटांनी. पटकथा किती चांगली आहे, पात्रं किती खरी आहेत, शेवट किती नेमका आहे, हे लोकांना सिनेमा बघितल्यावरच कळतं. ते एकमेकांना सांगेपर्यंत सोमवार उजाडलेला असतो आणि शो कापले गेलेले असतात. म्हणजे चांगल्या लिखाणाचं फळ नेमकं त्या आठवड्यांत मिळतं, ज्यांची किंमत या व्यवस्थेने कमी करून ठेवली आहे. मग निर्मात्याने पैसा लेखकावर लावावा की स्टारवर? तो स्टारवर लावतो, आणि त्याच्या जागी बसून पाहिलं तर त्याला दोष देणं कठीण जातं.

पूर्वी असं नव्हतं, याची उदाहरणं सगळ्यांना पाठ आहेत, पण त्यांच्याकडे या नजरेने बघायला हवं. १५ ऑगस्ट १९७५ ला 'शोले' लागला तेव्हा सुरुवातीचे दिवस थंड होते. धंद्यातल्या लोकांनी तो पडल्याचं सांगून टाकलं होतं. नंतर बघून आलेली माणसं बोलायला लागली, आणि मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात तो पाच वर्षं चालला. १९९४ मध्ये 'हम आपके हैं कौन' तर मुद्दामच मोजक्या थिएटरांत लावला गेला आणि लोकांची मागणी वाढेल तसा पसरवत नेला. आज एखादा मोठा सिनेमा एकाच दिवशी देशभरातल्या हजारो पडद्यांवर उतरतो. 'शोले'ला मिळालेली सवड आज कुठल्याच सिनेमाला मिळत नाही.

थिएटर कुणासाठी उरलं

दुसरा बदल प्रेक्षकाचा. १९९७ मध्ये दिल्लीच्या साकेत भागात देशातलं पहिलं मल्टिप्लेक्स सुरू झालं. त्यानंतर राज्याराज्यांनी मल्टिप्लेक्सना करात सवलती दिल्या. महाराष्ट्रात करमणूक कर ४५ टक्के होता, आणि २००१ च्या धोरणात नव्या मल्टिप्लेक्सना सुरुवातीची काही वर्षं तो माफ झाला. एकपडदा थिएटरं मात्र पूर्ण कर भरत राहिली. जागेला सोन्याचा भाव आलेल्या शहरात हजार खुर्च्यांचं थिएटर कोण चालवत बसेल? एकेक बंद होत गेलं. दादरचं चित्रा २०१९ मध्ये गेलं. तुमच्या गावातलंही एखादं तुम्हाला आठवत असेल.

या थिएटरांबरोबर स्टॉलचा, म्हणजे पुढच्या स्वस्त खुर्च्यांवरचा प्रेक्षक गेला. तो सिनेमा बघायचा थांबला नाही, त्याला फक्त थिएटरातून बाहेर काढलं गेलं. देशात मिळून नऊ-दहा हजार पडदे आहेत, चीनमध्ये ते ८० हजारांच्या वर आहेत. आणि आपल्यातले निम्म्याच्या आसपास दक्षिणेच्या पाच राज्यांत. तमिळनाडूत तिकिटाच्या दरावर सरकारी मर्यादा आहे, तिकडे एकपडदा थिएटरं अजून जिवंत आहेत, आणि रिक्षावाला नि इंजिनिअर एकाच सिनेमाला जातात. त्यामुळे तिथल्या लेखकाला दोघांसाठी लिहावं लागतं.

हिंदीतल्या लेखकावर ही सक्ती राहिली नाही. नव्वदच्या दशकाअखेरीपासून हिंदी सिनेमाची नजर महानगरातल्या आणि परदेशातल्या प्रेक्षकावर खिळली. पात्रांची घरं मोठी झाली, नोकऱ्या दिसेनाशा झाल्या, कुणाला महिनाअखेरची चिंता उरली नाही. संवाद रोमन लिपीत लिहून हातात पडतात, अशी जाहीर तक्रार हिंदीतल्या चांगल्या नटांनी केली आहे. ज्या भाषेत सिनेमा आहे त्या भाषेत विचार करणारी माणसंच सेटवर कमी झाली, तर पात्रं गुळगुळीत बोलणार, यात नवल नाही.

दरम्यान स्टॉलचा तो प्रेक्षक घरच्या टीव्हीवर आणि यूट्यूबवर दक्षिणेचे डब केलेले सिनेमे बघत होता. 'पुष्पा', 'आरआरआर' आणि 'केजीएफ'चा दुसरा भाग डिसेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात हिंदीत तुफान चालले, तेव्हा मुंबईला त्याची आठवण झाली. पण त्यातून घेतलेला धडा चुकीचा होता. त्या प्रेक्षकाच्या आयुष्याकडे बघण्याऐवजी त्या सिनेमांचा आवाज, दाढी आणि कुऱ्हाड उचलली गेली. २०२३ मध्ये 'पठान', 'गदर २', 'जवान', 'ॲनिमल' यांनी प्रचंड धंदा केला आणि समज पक्का झाला: थिएटरमध्ये फक्त अवाढव्य गोष्टच चालते.

ओटीटीने काय दिलं, काय नेलं

नेटफ्लिक्स जानेवारी २०१६ मध्ये भारतात आलं आणि त्याच वर्षाच्या शेवटी ॲमेझॉन प्राइम. सुरुवातीला वाटलं, चला, छोट्या सिनेमाला घर मिळालं. मिळालंही. कोविडच्या दोन वर्षांत तर या कंपन्यांनी भरभरून पैसे ओतले. पण हक्कांचा भाव ठरायचा तो बऱ्याचदा सिनेमात कोण आहे यावर. त्यामुळे स्टारांचे आकडे आणखी वर गेले. पुढे या कंपन्यांनी हात आखडता घेतला, भाव तिकीटबारीवरच्या कामगिरीशी जोडले, आणि फुगलेले खर्च तसेच राहिले. स्टारच्या मानधनाशिवाय त्याच्या व्हॅनिटी व्हॅनचा, ट्रेनरचा, आचाऱ्याचा, मेकअप-केशभूषेच्या ताफ्याचा खर्चही निर्मात्यावर पडतो, हे आता मोठे निर्माते आणि दिग्दर्शक स्वतःच मुलाखतींमध्ये बोलून दाखवतात.

प्रेक्षकाचंही गणित बदललं. थिएटरनंतर आठ आठवड्यांनी सिनेमा घरी येतो, ही हिंदीसाठीची रीत कोविडमध्ये चार आठवड्यांवर आली होती आणि ऑगस्ट २०२२ पासून पुन्हा आठवर गेली. चौघांच्या कुटुंबाला तिकिटं, खाणं, पार्किंग मिळून दीड-दोन हजार लागणार असतील, तर 'दोन महिने थांबू की' असं म्हणणाऱ्या बाईचं काय चुकलं? त्यातून निर्मात्यांनी एक विभागणी करून टाकली: मारामारी थिएटरची, माणसं ओटीटीची. माझा सगळ्यात जास्त राग या विभागणीवर आहे. माणसांच्या गोष्टी हॉलमध्ये शंभर अनोळखी लोकांबरोबर बघण्यात जे मिळतं, ते घरच्या सोफ्यावर मिळत नाही, आणि हे हिंदी सिनेमाला कोणे एके काळी पक्कं माहीत होतं.

ही भीती पडद्यावर कशी उतरते हे बघायचं असेल, तर मराठी माणसाच्या हाताशी एक उदाहरण आहे. नागराज मंजुळेंचा 'सैराट' २०१६ चा, त्याचा हिंदी अवतार 'धडक' २०१८ चा. 'सैराट'मध्ये जात सतत दिसते, कुणी तिच्यावर भाषण न करता. दलित कवितेबद्दल शिकवणाऱ्या प्राध्यापकाच्याच आर्चीचा भाऊ भर वर्गात कानफटात मारतो. बाप त्यावर रागावत नाही, कौतुकानेच बघतो. परश्याच्या बापाचा गावासमोर होणारा अपमान, मासेमारीवर चालणारं घर, पाटलांचा वाडा. एकेका फ्रेममध्ये कोण कुठे उभं आहे, कोण बसलंय, यावरून तुम्हाला सगळं कळतं. मध्यंतरानंतर सिनेमा हैदराबादच्या झोपडवस्तीत जातो आणि गाणी, पाखरं, संथ गतीची धावाधाव सगळं गळून पडतं. उरतं ते पत्र्याच्या खोलीतलं, घाणीच्या वासाने जीव गुदमरणारं रोजचं जगणं. ट्रॅक्टर आणि बुलेट चालवणाऱ्या मुलीला तिथे नळावर पाणी भरावं लागतं. शेवटी आवाज पूर्ण बंद होतो आणि ते रांगायच्या वयातून नुकतं उठलेलं मूल रक्ताची पावलं उमटवत बाहेर येतं.

'धडक'ने गोष्टीचा सांगाडा घेतला, गाण्यांच्या चाली घेतल्या, आणि गोष्ट उदयपूरला नेली: तळी, हवेल्या, पर्यटक. मुलाच्या बापाचं रेस्टॉरंट झालं. जात एखाद-दुसऱ्या वाक्यापुरती उरली. का? कारण ती उरली असती तर कुणीतरी दुखावलं असतं, कुठेतरी शो बंद पडला असता, आणि नव्या चेहऱ्यांच्या पदार्पणाला हे परवडणारं नव्हतं. 'धडक' आपटला नाही, त्याने धंदा बरा केला. म्हणून ते उदाहरण मला जास्त बोचतं. करमाळ्याच्या मातीतल्या, अगदी नव्या पोरांना घेऊन केलेल्या मराठी सिनेमावर लोक तुटून पडले होते, आणि तरी मुंबईतल्या मोठ्या पैशाला त्यातली नेमकी तीच गोष्ट धोक्याची वाटली जिच्यामुळे तो 'सैराट' होता.

मधला सिनेमा

हिंदी सिनेमाला अशी भीती कायमच होती का? १९८३ चा 'अर्धसत्य' घ्या. मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची, पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन गोविंद निहलानींचं, आणि मध्यभागी दिलीप चित्र्यांची कविता. ओम पुरींचा सब-इन्स्पेक्टर वेलणकर बापाच्या मारहाणीचं ओझं घेऊन फिरतो, दारू पितो, हात उगारतो, आणि सदाशिव अमरापूरकरांच्या रामा शेट्टीसमोर त्याची सगळी मर्दानगी फोल ठरते. मोठा स्टार नाही, खर्च बेताचा. आणि हा सिनेमा चालला. व्यवस्थित चालला.

त्या काळात असे सिनेमे निघू शकले, कारण पैसे वेगवेगळ्या दारांतून येत होते. १९६० मध्ये सुरू झालेलं सरकारी फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन होतं, १९७५ पासून एनएफडीसी, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ होतं. १९७६ च्या 'मंथन'साठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये दिले होते. दुसरीकडे बासू चटर्जींसारखे दिग्दर्शक कचेरीत जाणाऱ्या, बसच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसाला नायक करत होते, आणि बँकेची नोकरी केलेले अमोल पालेकर त्यात शोभून दिसायचे. या पैशाला पहिल्या तीन दिवसांत दामदुप्पट होऊन परत यायची घाई नव्हती.

मल्टिप्लेक्सनेही एक काळ चांगला दाखवला, हे कबूल केलं पाहिजे. दोनशे खुर्च्यांच्या छोट्या हॉलमुळे २००६ च्या 'खोसला का घोसला'पासून २०१५ च्या 'मसान'पर्यंत बरेच वेगळे सिनेमे तग धरू शकले. पुढे तिकिटं महागली, ओटीटी आलं, आणि ती खिडकी बंद झाली.

लेखकांचं तर विचारूच नका. सलीम-जावेदनी १९७३ मध्ये 'जंजीर'च्या पोस्टरांवर आपली नावं माणूस लावून रंगवून घेतली होती, कारण लेखकाचं नाव छापायची पद्धतच नव्हती. आज नाव छापतात, पण किमान मानधन आणि किमान कराराच्या हमीसाठी पटकथाकारांची संघटना अजून झगडतेच आहे. वर्षभर एका पटकथेवर घालवून त्यावर घर चालवता येत नसेल, तर हुशार माणूस जाहिरातींकडे किंवा मालिकांकडे वळतो. 'चांगले लेखक कुठे गेले' या प्रश्नाचं उत्तर एवढं साधं आहे.

प्रेक्षक बिघडला, हे मात्र मला अजिबात मान्य नाही. राही अनिल बर्वेंचा 'तुंबाड' २०१८ मध्ये आला तेव्हा फारसा कुणाच्या लक्षात आला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये तोच पुन्हा लावला, तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला जमला. सहा वर्षं लोक एकमेकांना सांगत होते. '१२वीं फेल' ऑक्टोबर २०२३ मध्ये बेताच्या पैशांत, अवाढव्य जाहिरातींशिवाय आला आणि आठवड्यामागून आठवडे टिकला. २३ सप्टेंबर २०२२ ला राष्ट्रीय चित्रपट दिन म्हणून एक दिवस तिकीट ७५ रुपये केलं, तर मल्टिप्लेक्स संघटनेच्याच आकड्यानुसार ६५ लाख लोक आले. एका दिवसात, आणि कुठलाही सण नसताना.

तेव्हा काय करता येईल, तेही अवघड नाही. छोट्या सिनेमासाठी वाटणीचे टक्के उलटे करता येतील: पहिल्या आठवड्यात वितरकाला कमी, पुढे वाढत जाणारे, आणि त्या बदल्यात निदान तीन आठवडे संध्याकाळचा एक शो बांधून द्यायचा. स्टारने मानधनाऐवजी नफ्यात वाटा घ्यायचा, जे काही जण आजही करतात. आणि सगळ्यात आधी, स्वस्त पडदे. सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. मॉलमधल्या थिएटरला त्याचा फारसा उपयोग नाही, त्यांची तिकिटं त्या दरात बसतच नाहीत. पण तालुक्याच्या गावात बंद पडलेलं टॉकीज दीडशे-दोनशे खुर्च्यांचं करून ८० रुपयांत चालवायचं म्हटलं, तर आज त्याचं गणित पूर्वीपेक्षा बरं जुळू शकतं. राज्य सरकारांनी तेव्हा मल्टिप्लेक्सना दिली तशी काही वर्षांची सवलत आता या थिएटरांना द्यायला काय हरकत आहे?